नळ बंद, मीटर चालू

रविवारी रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी बुधवारी सकाळी पुन्हा उतरली. किल्ली फिरवली तर बोनेटखालून नुसतं ‘टक्’. दोन महिन्यांतली ही पाचवी खेप. गल्लीतल्या पोरांना आता हाक मारावी लागत नाही. मी गेटाबाहेर येऊन कंबरेवर हात ठेवला की ती आपणहून धक्का मारायला येतात.

गाडी 2003 सालची मारुती 800. नंबर एमएच 11चा, म्हणजे कराडला स्वतःचा एमएच 50 मिळण्याच्या आधीची. पंधरा वर्षं भरल्यावर हिचे कागद नव्यानं करून घेतले तेव्हा घरातल्यांनी मला वेड्यात काढलं होतं. विद्यानगरातून दत्त चौकात भाजीला, ओगलेवाडीला स्टेशनवर कुणाला तरी सोडायला, एवढाच तिचा संसार. बॅटरीच्या दुकानात गेलो तर तिथल्या माणसानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. “बॅटरी गेली, नवी टाका.” अहो, हीच नवी होती. चौदा महिन्यांची.

आमच्या समोर आबा राहतात. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपात वायरिंग करण्यात गेली. निवृत्तीला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात टेस्टर असतो. धक्का मारायचा कार्यक्रम ते दर खेपेला कट्ट्यावरून बघत होते. त्या दिवशी चहाचा कप हातात घेऊनच आले.

“रातचं काळी तार काढून ठेवत जा,” आबा म्हणाले. “न्हायतर कट-ऑफ बसव. पाना मारायची पण कटकट न्हाय. नॉब फिरवला, झोपला.”

“आबा, म्हणजे नळ गळतोय, तर तो शोधायचा सोडून रात्री टाकीचा कॉक बंद करायचा.”

“मग? टाकीला कॉक कशापायी दिलाय?”

याला मला पटकन उत्तर सुचलं नाही. आबांचं म्हणणं वरवरचं नव्हतं. मोठ्या गाड्यांना बॅटरीचा मेन स्विच असतो, आणि तो बंद करून ड्रायव्हर घरी जातो म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही. शिवाय आबा पुढं जे बोलले ते जास्त टोचलं.

“ह्या गाडीला वीस वर्षं उलटून गेली. आतलं प्लास्टिक वाळून कडक झालंया. एक गळती हुडकायला डॅशबोर्ड खोलशील आणि चार क्लिपा मोडून ठेवशील. गळती ऱ्हाईल तिथंच, वर खडखडाट आयता. मी अशा लई गाड्या बघितल्यात. मालक शहाणा असला की गाडीचं जास्त वाटुळं हुतं.”

मी विज्ञानाचा मास्तर, म्हणजे आबांच्या हिशेबात शहाणाच. मी मलकापूरचा दाखला काढला. आपल्या शेजारच्या या गावानं चोवीस तास पाणी दिलं, ते घरोघरी मीटर बसवून. मीटर आल्यावर घरातली गळती शोधायची सोपी युक्ती बायाबापड्यांनाही कळली : सगळे नळ बंद करायचे आणि मीटरचा काटा बघायचा. काटा फिरत असेल तर पाणी कुठंतरी जातंय. “गाडीतही तेच करायचं,” मी म्हणालो. “किल्ली काढायची, दारं लावायची, दिवे बंद. म्हणजे सगळे नळ बंद. मग काळ्या तारेत मीटर घालायचा.”

“आणि काटा फिरला तर?”

“तर कुणीतरी पितंय.”

“ते तर मला मीटर न घालताबी कळतंय की! सारखं धक्का मारताय.”

हसलो दोघंही. पण एका गोष्टीवर एकमत झालं, की आधी बॅटरी निर्दोष आहे का ते बघायचं. ती पद्धत आबांची. बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज केली, गाडीतून बाहेर काढली आणि तीन दिवस पाट्यावर नुसती ठेवली. त्याआधी तिचं डोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून घेतलं, कारण झाकणावर आम्लाचा ओलसर मळ साचला की दोन टर्मिनलांच्या मधून त्या मळातूनच थोडी वीज वाहत राहते. पहिल्या दिवशी मीटरवर 12.6 व्होल्ट. चौथ्या दिवशीही 12.6. शिशाच्या बॅटरीचा पूर्ण भरल्याचा आकडा हाच, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12च्या खाली उतरली की सेल्फ कुरकुरायला लागतो. म्हणजे आमची बॅटरी घरात बसून उपाशी राहत नव्हती. गाडीत बसली की तिला कुणीतरी ओरबाडत होतं. दुकानदाराचं ऐकलं असतं तर साडेतीन-चार हजारांची दुसरी बॅटरीही याच दावणीला बांधली असती.

इथं थोडा हिशेब करू, कारण आमच्या भांडणाचं मूळ त्यात आहे. बहुतेकांना वाटतं की बॅटरी खातो तो सेल्फ. दिसायला तसंच दिसतं. सेल्फ मारला की दिवे मंद होतात. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो असं धरा, पण ओढतो दोन सेकंद. गुणाकार केला तर एका स्टार्टला 0.08 अँपिअर-तास. आता बूटमधला किंवा छतावरचा 5 वॅटचा दिवा चुकून चालू राहिला, तर तो जेमतेम 0.4 अँपिअर ओढतो, पण चोवीस तास. झाले जवळपास 10 अँपिअर-तास, म्हणजे सव्वाशे स्टार्टांचा खुराक एका दिवसात. या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. चार दिवसांत खडखडीत, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. शिवाय शिशाची बॅटरी अशी पार तळापर्यंत पुन्हा पुन्हा उतरली की पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती खरोखरच मरायला लागते. मग दुकानदाराचं भाकीत खरं ठरतं.

“आपल्या ओगल्यांचा प्रभाकर कंदील बघ,” आबा मधेच म्हणाले. “इझवला की इझला. रॉकेल हुतं तेवढंच सकाळी. ह्या तुमच्या गाड्या इझवल्या तरी पीतच ऱ्हात्यात.”

खरं आहे. प्रत्येक गाडी थोडी पितेच. इंजिनच्या कॉम्प्युटरची आठवण, घड्याळ, डेकची स्टेशनं, यांना थेंब थेंब वीज लागते. 20 ते 50 मिलिअँपिअरपर्यंतची गळती गळती धरत नाहीत. नव्या गाड्यांत तर किल्ली काढल्यावर आतली यंत्रणा झोपी जायलाच दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. तोवर मीटर बघून घाबरणारे घाबरतात.

पुढच्या शनिवारी सकाळी दोघंही हत्यारं घेऊन आलो. माझ्याकडं नवाकोरा डिजिटल मीटर. आबांकडं पार्किंगचा 5 वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी आणि दोन चिमटे. त्यांनी काळी तार सैल केली, बॅटरीचा खांब आणि तार यांच्यामध्ये आपला बल्ब लावला. तो लागला. अगदी लख्ख नाही, पण लागला.

“बघ, हाय गळती. आता फ्यूज काढत जा. ज्यानं बल्ब इझंल तो चोर.”

“किती आहे ते कुठं कळलं?”

“किती हाय ते कळून काय पोलिसात द्यायचंय?”

मी त्यांचा बल्ब काढून माझा मीटर जोडला. 0.38 अँपिअर. आकडा दिसताच मला जो आनंद झाला तो रोग सापडल्याचा नव्हता, माझा मीटर बरोबर असल्याचा होता. मी त्याच आनंदात असताना बायकोनं विचारलं, “लागली का गाडी?” आणि मी, मीटर तारेत तसाच ठेवून, आत बसून किल्ली फिरवली. ‘टक्’ असा आवाज आला. या वेळी मीटरमधून. दहा अँपिअरच्या मीटरमधून सेल्फचा करंट ओढायला गेल्यावर आतला फ्यूज जाणारच होता. शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं होतं.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपला बल्ब पुन्हा लावला आणि उरलेला चहा संपवला. (या बल्बला एक मोठा गुण आहे हे मान्य करायला हवं : त्यातून बल्बाला मानवेल त्याहून जास्त करंट जातच नाही, त्यामुळं मास्तरानं किल्ली फिरवली तरी काही जळत नाही. अवगुण असा, की शंभर मिलिअँपिअरच्या आतबाहेरची गळती असली तर त्याची तार धड लालसुद्धा होत नाही आणि आपण निर्धास्त होतो. आठवडाभरात बॅटरी उतरवायला तेवढी पुरते.)

मीटरचा फ्यूज रविवारी मिळाला. आता माझी पाळी होती. डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक फ्यूज काढायचा, बॅटरीजवळ उभ्या आबांनी आकडा सांगायचा.

“हॉर्न.”

“अडतीस.”

“वायपर.”

“अडतीस.”

“आतला दिवा, डेक.”

“छत्तीस झालं.”

दोन कमी झाले, म्हणजे 20 मिलिअँपिअर. ती डेकची आणि तिच्या सोबत्यांची रास्त भूक. पुढं गेलो. हेडलाइट, ब्रेक लाइट, पंखा. छत्तीस, छत्तीस, छत्तीस. शेवटी सगळे फ्यूज माझ्या मांडीवर आणि मीटर 0.36वर ठाम. मी बाहेर आलो तेव्हा मानेत उसण भरली होती आणि माझा मलकापूर-सिद्धांत अडचणीत आला होता. घरातले सगळे नळ एकेक करून मुळापासून काढले, तरी मीटर फिरतोय.

“तुझ्या कागदावर न्हाईत ते नळ हायत ह्या घरात,” आबा म्हणाले. या वाक्यासाठी मी त्यांना मीटरचा फ्यूज जाताना गप्प राहिल्याचं सगळं मौन माफ केलं.

फ्यूज बॉक्सला न विचारता बॅटरीकडून थेट जाणाऱ्या वाटा थोड्याच असतात. एक सेल्फची जाड तार. एक अल्टरनेटरची. आणि मागाहून कुणी जोडलेलं काहीबाही. आबांचा संशय अल्टरनेटरवर होता. त्याच्या आत डायोड असतात, ते वीज एकाच दिशेला सोडतात. एखादा बिघडला की रात्री बॅटरीतली वीज उलटी अल्टरनेटरमध्ये शिरून त्याला कोमट ठेवते. “सकाळी गार गाडीचा अल्टरनेटर हाताला ऊन लागला तर मीटर लागत न्हाय,” असं म्हणत आबांनी हात लावला. गार होता. तरीही त्यांचा हट्ट. बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची मागची तार उतरवली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, पुन्हा मीटर लावला. 0.36.

आता दोघंही चुकलेले. भांडणाला हीच वेळ चांगली असते, पण ऊन चढलं होतं.

“आता तरी कट-ऑफ बसवू?” आबा म्हणाले. “दोन रविवार गेलं.”

“आबा, कट-ऑफ बसवला तर रात्री गळती थांबेल. दिवसा?”

“दिवसा अल्टरनेटर भरतुया की.”

“भरतो. पण ही जी वाट आहे ती फ्यूजमधून जात नाही. ती कुठं घासली, बॉडीला टेकली, तर तिला तोडणारं मध्ये काहीच नाही. हे 0.36 आपल्याला सांगतायत की इथं एक मोकाट तार आहे. तुम्ही सांगणाऱ्यालाच गप्प करायला निघालाय.”

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं ते आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

“आरं, पर हे कवापास्नं सुरू झालंया?”

कधीपासून? दोन महिन्यांपासून. त्याच्या आधी ही गाडी दहा-बारा दिवस उभी राहून एका किल्लीत लागायची. मग दोन महिन्यांपूर्वी काय झालं? मी आठवायला लागलो, पण उत्तर दारातून आलं. बायको म्हणाली, “जुना टेप काढून ते पेनड्राइव्हचं बसवून आणलंत, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मला भाजीबाजारात धक्का मारून घ्यावा लागला होता.”

मीटर, बल्ब, दोन रविवार, एकवीस फ्यूज काढल्यागत मानेची उसण. आणि गुन्ह्याची तारीख स्वयंपाकघरात ठेवलेली.

मग मात्र पाच मिनिटांचं काम. बॅटरीच्या लाल टर्मिनलवर कंपनीच्या जाड तारेखाली एक पातळ लाल वायर दाबलेली होती, वर काळी टेप. ती आत शिरून गालिच्याखालून मागच्या सीटखाली गेली होती. सीट उचलली. तिथं मुलानं कॉलेजात असताना बसवलेला ॲम्प्लिफायर. मुलगा नोकरीला पुण्यात जाऊन बरीच वर्षं झाली, स्पीकर केव्हाच फाटले, गाणी आम्ही पुढच्या दोन स्पीकरांवर ऐकतो. ॲम्प्लिफायर आहे हेच मी विसरलो होतो. त्याच्यावर धुळीचा थर होता आणि थराखाली एक बारीक लाल दिवा जळत होता. हात लावला. ऊन.

अशा ॲम्प्लिफायरला वीज थेट बॅटरीतून मिळते, पण जाग येते ती डेककडून आलेल्या निळ्या वायरनं. डेक बंद, निळी वायर थंड, ॲम्प्लिफायर झोपला. नव्या स्वस्तातल्या डेकला ती निळी वायरच नव्हती. बसवणाऱ्या पोरानं मग सोपा मार्ग काढला : ॲम्प्लिफायरच्याच वीज येणाऱ्या स्क्रूपासून जाग आणणाऱ्या स्क्रूपर्यंत दोन बोटं लांबीचा वायरचा तुकडा टाकला. दुकानात गाणं वाजलं, मी पैसे दिले. तेव्हापासून ते यंत्र रात्रंदिवस टक्क जागं होतं.

आबांनी तो तुकडा काढला. मी सगळे फ्यूज परत जागेवर बसवून मीटरकडं धावलो. 0.02.

पण आबांचं लक्ष आकड्याकडं नव्हतं. ते लाल वायर बोटांनी चाचपत बॅटरीकडून मागं येत होते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात रबरी बुश नव्हता. पत्र्याच्या धारेवर वायरचं प्लास्टिक खरवडून तांबं दिसायला लागलं होतं. आणि बॅटरीपासून सीटपर्यंत त्या वायरीत कुठंही फ्यूज नव्हता.

“हे वाईट हुतं,” आबा हळू आवाजात म्हणाले. “हे आणिक एका पावसाळ्यात टेकलं असतं.”

ती वायर आम्ही ॲम्प्लिफायरसकट उपटून काढली. तुम्ही बरोबर होतात का मी, हे कुणी काढलं नाही. निदान त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी काढलं, अर्थात आबांनीच. “तुझी गळती घावली. मान्य. मी म्हणत हुतो तसं नुसतं कट-ऑफ बसवलं असतं तर दिवसा कवातरी जाळ झाला असता, ते बी मान्य. आता मला सांग, दिवाळीनंतर पुण्याला पोराकडं किती दिस ऱ्हाणार?”

“दीड महिना.”

“आणि तुझं ते वीस मिली रोज किती पितंय?”

मी मनातल्या मनात गुणाकार केला. दिवसाला अर्धा अँपिअर-तास, पंचेचाळीस दिवसांचे एकवीस-बावीस. वर बॅटरी स्वतःची स्वतः झिजते ते वेगळं. पस्तीसातून तेवढे गेले की सेल्फ फिरत नाही. रास्त भूकही दीड महिना भागवली की घर बसतं. त्यात आमचं रोजचं चालवणं ओगलेवाडी स्टेशनपर्यंतचं. एवढ्याशा अंतरात अल्टरनेटर भरून भरून किती भरणार? म्हणजे बॅटरी मुळात पूर्ण भरलेली नसतेच.

“बसवा कट-ऑफ,” मी म्हणालो.

“आता कसं!”

आबांनी काळ्या टर्मिनलवर फिरकीचा नॉब बसवला. किल्लीआधी तो फिरवायचा, लांब जाताना उलटा फिरवून जायचं. डेकची स्टेशनं पुसली जातात, घड्याळ बारावर येतं. चालतंय.

दीड महिन्यानं पुण्याहून परतलो. पहाटे धुकं होतं, स्टेशनवरून बहिणीला आणायचं होतं. किल्ली फिरवली. काहीच नाही, ‘टक्’ सुद्धा नाही. मी बोनेट न उघडताच आबांचं दार वाजवलं, म्हणालो, बॅटरी पार गेली. ते मफलर गुंडाळत आले, बोनेट उघडलं, नॉब फिरवला आणि परत झोपायला गेले.

आता स्टिअरिंगला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘आधी नॉब.’ अक्षर आबांचं.